बधिर करणारा फवारा: किती, कुठे आणि कसा

दाढ काढताना, हलणारा दुधाचा दात उपटताना किंवा कवळीचे माप घेताना दंतवैद्य तोंडात जो फवारा मारतात, त्यात बहुधा लिग्नोकेन हे औषध असते. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ निल्स लोफग्रेन यांनी ते १९४३ मध्ये तयार केले आणि १९४८ पासून ते बाजारात आले. औषध जुने आणि भरवशाचे असले तरी बाटलीचे बटण दाबणे इतके सोपे असते की, आपण औषधाची मात्रा देत आहोत हेच विसरायला होते. खबरदारी घ्यायची ती इथे.

फवाऱ्याने बधिर होते ते फक्त वरचे कातडे, फार तर दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंत. दाताच्या मुळाशी किंवा आतल्या नसेपर्यंत औषध पोहोचत नाही. त्यामुळे दाढ काढायची तर सुई घ्यावीच लागते. फवारा त्या सुईची टोच कमी करतो. ‘फवाऱ्यावरच काढा’ असा आग्रह रुग्णाने धरू नये.

औषध मारण्याआधी ती जागा कापसाने किंवा गॉजने कोरडी करावी. ओल्या हिरडीवर मारलेला फवारा लाळेत मिसळून घशात उतरतो. हिरडी नीट बधिर होत नाही, घसा मात्र बधिर होतो. लहान मुलांच्या बाबतीत फवारा थेट तोंडात न मारता कापसाच्या बोळ्यावर घेऊन तो हिरडीवर टेकवणे चांगले. औषध नेमक्या जागी बसते, ठसका लागत नाही, डोळ्यांतही उडत नाही. मग एक-दोन मिनिटे थांबावे. घाईच्या ओपीडीत नेमकी हीच मिनिटे गाळली जातात, आणि परिणाम दिसेना म्हणून पुन्हा फवारा मारला जातो.

म्हणून फवारे मोजावेत. दहा टक्क्यांच्या नेहमीच्या मापी बाटलीतून एका दाबाला सुमारे १० मिलिग्रॅम लिग्नोकेन बाहेर पडते. काही बाटल्यांत औषध याहून तीव्र असते, तेव्हा लेबल वाचायलाच हवे. मुलांसाठी दर किलो वजनामागे साधारण ४.४ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. म्हणजे १५ किलोच्या मुलाला ६६ मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या इंजेक्शनच्या २ मिलिलिटरमध्येच ४० मिलिग्रॅम असते. त्यावर सहा फवारे मारले तर बेरीज १०० होते. फवाऱ्यातले सगळे औषध रक्तात उतरत नाही हे खरे, पण तोंडाच्या ओल्या त्वचेतून ते भराभर शोषले जाते. हिशोब करताना सगळे उतरले असेच धरावे. फवारा आणि सुई यांचा हिशोब एकच. मुलाचे वजन विचारणारा दंतवैद्य वेळ घालवत नसतो.

लिग्नोकेनचे विघटन यकृतात होते. त्यामुळे यकृताचा आजार, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, फिट्स, पूर्वी भुलीच्या औषधाने आलेली रिॲक्शन, गर्भारपण, हे सगळे आधीच सांगावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हे औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळते. गोळ्यांची नावे पाठ नसतील तर पाकीट सोबत न्यावे.

माप घेताना ओकारी येते म्हणून जिभेच्या मुळाशी भरपूर फवारा मारणे धोक्याचे आहे. ओकारी आणि ठसका ही श्वासनलिकेची राखण असते. ती थांबली की लाळ, मापाचा तुकडा किंवा सुटी कॅप श्वासनलिकेत जाऊ शकते.

उपचारानंतर बधिरपणा पुरता उतरेपर्यंत, निदान तासभर, काही खाऊ-पिऊ नये. नांदगावहून मनमाड, मालेगाव किंवा नाशिकला दात दाखवायला गेलेला माणूस सकाळपासून उपाशी असतो आणि परतीच्या गाडीआधी गरम चहा आणि वडापाव घेतो. बधिर तोंडाला चहाचा चटका कळत नाही, घासाने ठसका लागतो. सुई घेतली असेल तर ओठ आणि गाल दोन-तीन तास बधिर राहतात. मुले तेवढ्यात ओठ चावून रक्तबंबाळ करतात, म्हणून त्यांच्याकडे सतत लक्ष हवे.

ओठांभोवती मुंग्या, तोंडाला धातूसारखी चव, कानात गुणगुण, गरगरणे, अडखळते बोलणे ही औषध जास्त झाल्याची पहिली लक्षणे. पुढे झटके येऊ शकतात. अशी चिन्हे दवाखान्यात दिसली तर लगेच सांगावे. घरी दिसली तर १०८ ला फोन करावा. काही फवाऱ्यांत आणि जेलमध्ये बेंझोकेन असते. त्याने क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, ओठ व नखे निळसर पडतात आणि धाप लागते. ही तातडीची वेळ असते. दोन वर्षांखालील मुलांच्या तोंडात बेंझोकेन लावू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. दात येताना बाळाच्या हिरडीला लिग्नोकेनही लावू नये. स्वच्छ बोटाने हिरडी चोळणे पुरेसे असते.

मेडिकलमधून बाटली आणून दुखऱ्या दाढेवर रोज फवारणे हा उपाय नव्हे. कीड आत वाढत राहते, पू साचतो. तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असलेल्याच्या तोंडातली जखम बधिर करून झाकणे तर फारच घातक. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे यांपैकी काहीही असले तर फवारा बाजूला ठेवून दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्यावे.