घरची मोटार – लेखांक सातवा : उतारावरची काटकसर

मागील लेखांकात मोटारीची किंमत, कर्जाचा हप्ता आणि परिवहन कचेरीतील नोंदणी यांचा विचार झाला. आता रोजच्या खर्चाकडे वळू. आपल्या जिल्ह्यात एमएच २५ पासिंगची एखादी ऑल्टो किंवा टियागो दारात उभी राहिली, की शेजारीपाजारी तिचा रंग पाहण्याआधी ‘ॲव्हरेज किती देते?’ असे विचारतात, आणि हा प्रश्न क्षुल्लक मुळीच नव्हे. कारण ज्या मुलखात सोयाबीनची रास बाजारात जाईपर्यंत घरातला पैसा मोजूनमापून बाहेर पडतो, तेथे लहान मोटार घेणारा मनुष्य ती पेट्रोलच्या हिशेबावरच घेतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या स्वाधीन झाली, तेव्हापासून या देशात लहान मोटारीची प्रतिष्ठा बव्हंशी याच गुणावर उभी आहे. परंतु काटकसरीच्या नावाखाली आपल्याकडे घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर टाकण्याची जी वहिवाट पडली आहे, तिच्यात काटकसर तर नाहीच, उलट जिवाला धोका आहे, हे मला आज सविस्तर सांगावयाचे आहे.

धाराशिव आणि तुळजापूर ही दोन्ही गावे बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर वसली आहेत, तर सोलापूर त्यांच्याहून जवळजवळ दोनशे मीटर खाली आहे. त्यामुळे सोलापूरकडून देवीच्या दर्शनाला येणाऱ्या प्रत्येक मोटारीला तुळजापूरचा घाट चढावा लागतो आणि परतताना तोच उतरावा लागतो. उतार लागला, की पुष्कळ चालक, आणि त्यांत वर्षानुवर्षे गाडी चालविलेली अनुभवी माणसेही, गिअर काढून घेतात, कित्येक तर किल्ली फिरवून इंजिनही बंद करतात, आणि गाडी आपोआप खाली चालली आहे, पेट्रोल जळत नाही, या समाधानात वळणामागून वळण घेत राहतात.

या समजुतीला एके काळी आधार होता. जुन्या मोटारींत कार्ब्युरेटर असे. इंजिन फिरत असेतोवर त्याच्या ओढीने पेट्रोल आत येत राही आणि फेरे जितके अधिक तितकी ती ओढही अधिक, त्यामुळे उतारावर गिअर काढला तर थोडीफार बचत होई. परंतु २००० सालाच्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडला, त्याच्या जागी इंजेक्टर आले, आणि पेट्रोल किती सोडावयाचे याची मुखत्यारी मेकॅनिक लोक ज्याला ईसीएम म्हणतात त्या संगणकाकडे गेली. गाडी गिअरमध्ये असता चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की आता चाकेच इंजिनाला फिरवीत आहेत हे तो ओळखतो आणि फेरे मिनिटाला हजार-दीड हजारांच्या जवळ येईपर्यंत इंजेक्टर साफ बंद ठेवतो. म्हणजे त्या अवधीत पेट्रोलचा एक थेंबही खर्ची पडत नाही. उलट न्यूट्रलवर चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, इंजिन आपल्या बळावर जिवंत राहावे म्हणून त्याला पेट्रोल पुरवावेच लागते, आणि लहान इंजिनातही हा खर्च तासाला अर्ध्या लिटरच्या आसपास जातो. अगदी सौम्य उतारावर, जेथे गिअरमधील गाडी मंदावून पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, तेथे न्यूट्रलवर चार थेंब वाचतही असतील. घाटात मात्र ते शक्य नाही.

पैशाचा मामला येथे संपतो आणि जिवाचा सुरू होतो. ऑल्टो ८०० चे स्वतःचे वजन सातशे ते साडेसातशे किलो. तिच्यात पाच मोठी माणसे, नैवेद्याचा डबा आणि पिशव्या चढल्या, की तिच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे ओझे वर येते. गिअर काढलेला असला, की उतारावर हा सारा भार केवळ ब्रेकनी आवरावा लागतो. पुढच्या चाकांच्या डिस्क आणि मागचे ड्रम तापत जातात, आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे; पण ते हवेतील ओल शोषून घेते, आणि ओलावलेल्या ऑइलची मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. ते उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पायाचा दाब ते बुडबुडे चेपण्यातच जिरतो, पेडल थेट तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे असे सांगितले जाते ते याचसाठी, आणि सर्व्हिसिंगच्या बिलात पैसे वाचवावयाचेच असतील तर ते येथे वाचवू नयेत. इंजिन बंद करून उतरणाऱ्याची अवस्था याहून बिकट होते. ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टेअरिंग जड होते, आणि किल्ली चुकून पूर्ण फिरून बाहेर निघाली तर स्टेअरिंगच जखडते.

यासाठी जुन्या चालकांचा नियम उत्तम आहे : ज्या गिअरवर घाट चढावा, त्याच गिअरवर उतरावा. चढतानाही टॉप गिअरचा हट्ट नको. ऑल्टो ८०० चे इंजिन आपली अधिकांत अधिक ओढ मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांवर देते. चौथ्यावर गाडी ओढेनाशी झाली, की वेळीच तिसरा, जरूर तर दुसरा टाकावा, आणि वैशाखाच्या दुपारी तापमानाचा काटा वर सरकू लागला तर घाटमाथा येईपर्यंत एसी बंद ठेवावा.

अलीकडे ‘पूर्वीचा ॲव्हरेज राहिला नाही’ अशी तक्रार ऐकू येते, आणि तिचा उगम अंशतः आपल्याच शिवारात आहे. कळंब-धाराशिवकडचा ऊस कारखान्यांत जातो, त्याच्या मळीपासून आणि रसापासून इथेनॉल होते, आणि आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. म्हणून अशा मिश्रणाच्या लिटरमागे उष्णताच सहा-सात टक्क्यांनी घटते. ऊस उत्पादकाला त्यातून चार पैसे मिळतात, तेव्हा माझा या धोरणास विरोध नाही. मात्र एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर तिच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासून घ्याव्यात.

घट भरून काढण्याचा प्रामाणिक मार्ग टायरमध्ये आहे. ऑल्टो ८०० च्या टायरवर १४५/८० आर १२ असा आकडा असतो : रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलिमीटर, आणि रिम १२ इंचांचा. एवढ्याशा टायरमध्ये हवा थोडी कमी पडली तरी तो रस्त्यावर अधिक दबतो, तापतो आणि पेट्रोल खातो. हवेचा योग्य आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर दिलेला असतो, भरल्या गाडीचा बहुधा वेगळा. ती हवा सकाळी, टायर थंड असताना भरावी, आणि उन्हात चाललेल्या टायरचा आकडा चढलेला दिसला म्हणून ती सोडू नये.

घाटाकडे पुन्हा वळणे भाग आहे, कारण तो रस्ता एकट्या मोटारींचा नाही. घटस्थापनेच्या आदल्या दिवसांत गावोगावची तरुण मंडळे तुळजापूरहून ज्योत पेटवून रात्रभर पायी धावत निघतात, आणि कोजागरीला तर पदयात्रींची एवढी दाटी होते की सोलापूर-तुळजापूर मार्गावरील वाहतूक अन्यत्र वळवावी लागते. पुढे गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना परावर्तक, अंधारात वळणापलीकडे एकाएकी समोर येतो. अशा वेळी गिअरमधील गाडी पाय उचलताच हळू होते आणि ब्रेक थंड असल्याने लागतोही. न्यूट्रलवरील गाडीला हे दोन्ही आधार नसतात. चालकाने आपले कर्तव्य करावेच. परंतु वजनकाट्यावर ट्रॉली घेण्यापूर्वी तिच्या मागे परावर्तक पट्टी आहे की नाही हे पाहण्याची सक्त ताकीद प्रत्येक कारखान्याने आपल्या काटाघरास द्यावी, आणि पट्टी नसेल तर ती तेथेच चिकटवून मगच ट्रॉली पुढे सोडावी.