केबिन आधी, इंजिन नंतर!

वकिलाकडे लोक येतात ते कोर्टकचेरीच्या कामासाठी. पण गेल्या महिन्यात एका रविवारी वस्तीतील सहा तरुण आमच्याकडे आले ते पिकअप गाड्यांची माहितीपत्रके घेऊन. या सहा जणांनी भागीदारीत स्वयंपाक, मंडप आणि साउंडचा धंदा उभा केला आहे. लग्न, साक्षगंध, जयंती, पुण्यानुमोदन, जे काम मिळेल ते करतात. कुणाच्या दारात नोकरी मागायला गेले नाहीत. त्यांचा जुना छोटा हत्ती आता थकला. ती गाडी २००५ साली बाजारात आली तेव्हा तिने हजारो बेरोजगारांना मालक केले, हे खरेच. पण दोन सिलिंडरचे, सातशे सीसीचे ते इंजिन आणि पाऊण टनाची क्षमता! त्यावर हे लोक दीड टन लादत होते. इंजिन बसणार नाही तर काय होणार?

"साहेब, आता मोठी गाडी घ्यायची. सिंगल केबिन, नऊ फुटी हौदा, एक हजार सातशे किलो माल. फक्त इंजिन कोणते घ्यावे ते ठरत नाही. बँकेचे कागद तेवढे तुम्ही बघा."

आम्ही कागद बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न विचारला, "तुम्ही सहा जण. बसणार कुठे?"

उत्तर लगेच आले, "तिघे पुढे, तिघे मागे मालावर. आजपर्यंत तसेच जातो की!"

हे "मागे" आम्हाला चांगले माहीत आहे. आमच्या वकिलीतील कितीतरी फायली या एका शब्दाने भरलेल्या आहेत. म्हणूनच हा लेख.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक प्रकरण आले. कापूस वेचणीला निघालेल्या बाया पिकअपच्या हौद्यात बसल्या होत्या. वळणावर गाडी उलटली. दोघी जागीच गेल्या, बाकीच्यांचे हातपाय मोडले. गाडीचा विमा चालू होता, चालकाकडे परवाना होता. घरच्यांना वाटले, भरपाई मिळेल, निदान लेकरांची शाळा तरी होईल. न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीच्या वकिलाने गाडीमालकाला फार काही विचारले नाही. एवढेच विचारले, "आरसी बुकात किती माणसांची परवानगी आहे?" उत्तर होते, चालकासह तीन. "या बाया कुठे बसल्या होत्या?" उत्तर होते, मागे. तेथेच खटल्याचा निकाल लागला म्हणा ना!

कायदा काय सांगतो ते समजून घेतले पाहिजे. मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांना १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. पण फुकट बसलेल्या किंवा भाडे देऊन बसलेल्या उतारूंचे काय? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात सांगितले की, मालवाहू गाडीतील अशा उतारूंची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. २००४ च्या बलजित कौर खटल्यातही तेच तत्त्व कायम राहिले. मात्र त्या प्रकरणात कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा मार्ग न्यायालयाने काढला. पुढच्या निकालांत तर मालाचा मालक म्हणजे केबिनमध्ये बसून जाणारा, असाही अर्थ लावला गेला.

"आधी द्या, मग वसूल करा" हे ऐकायला बरे वाटते. पण वसूल कुणाकडून? आमच्या त्या प्रकरणात असाच आदेश झाला. बायांच्या घरी काही पैसा आला, त्याचे समाधान आहे. पण गाडीमालक कोण होता? आपल्याच शेजारच्या वस्तीतला, कर्ज काढून गाडी घेतलेला पोरगा. त्याच्यामागे वसुली लागली. गाडी गेली, बापाची सव्वा एकर जमीन गेली. मेल्या त्या आपल्या बाया आणि बुडाला तोही आपलाच माणूस. बायांना हौद्यात बसवून आणा म्हणणारा शेतमालक मात्र साक्षीलाही आला नाही!

ही हकीकत सांगितल्यावर सहाही जण गप्प झाले. मग एकाने विचारले, "साहेब, आम्ही तर भागीदार. आमचाच माल, आमचीच गाडी. आम्हाला काय अडचण?" प्रश्न चांगला होता. पण विमा कंपनीचा वकीलही तयारीनेच येतो. नोकर म्हणावे तर नोकरीचा कागद नाही. मालाचे मालक म्हणावे तर केबिन सोडून पातेल्यांवर बसलेला मालक कोणता, असे तो विचारणार. मंडपाच्या लोखंडी पाइपांवर बसलेल्या माणसाला ब्रेक दाबताच काय होते, ते सांगायला तर वकीलही लागत नाही.

म्हणून आम्ही सांगितले, गाडी निवडताना पहिला प्रश्न इंजिनाचा नाही, केबिनचा आहे. माणसे किती आणि त्यांच्यासाठी सीट किती? हे ठरल्यावर मग पुढचे.

त्यानंतर सगळी पत्रके जमिनीवर मांडली. सिंगल केबिनच्या गाडीत चालकासह दोन किंवा तीन माणसे बसतात आणि हौदा आठ-नऊ फुटांचा मिळतो. बोलेरो पिकअपचा मोठा प्रकार एक हजार सातशे किलो माल नेतो, टाटा योद्धाचा २०२२ मध्ये आलेला प्रकार दोन टनांपर्यंत जातो. डबल केबिनमध्ये चालकासह पाच जण दाराच्या आत, पट्टा लावून बसतात. बोलेरो कॅम्पर, योद्धाची क्रू केबिन आणि इसुझूची एस-कॅब या त्या जातीच्या गाड्या. पण केबिन वाढली की हौदा घटतो. कॅम्पर किंवा एस-कॅबमध्ये हौदा साधारण पाच फुटांचा उरतो आणि माल एक टनाच्या आसपास. फुकट काहीच मिळत नाही!

मग हिशेब केला. दोनशे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, अडीच किलोची एक धरली तर पाचशे किलो. पातेली, शेगड्या, गॅसच्या टाक्या, स्पीकर, जनरेटर धरून एक टन भरतो. म्हणजे स्वयंपाक आणि साउंडचे काम डबल केबिनमध्ये बसते. अडते ते मंडपाच्या लांब पाइपांपाशी. दहा फुटी पाइप पाच फुटी हौद्यात कसा मावणार? गाडीबाहेर लोंबता माल नेला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार वीस हजारांचा दंड आहे. तेव्हा मोठ्या मंडपाच्या दिवशी पाइपांसाठी भाड्याची गाडी सांगायची आणि बाकी सामान जास्त असले तर आपल्या गाडीची दुसरी फेरी करायची. तीस किलोमीटरवरच्या गावाला जाऊन-येऊन एका जादा फेरीला पाचेक लिटर डिझेल लागेल. पाच लिटर डिझेल एका बाजूला आणि तिघांचा जीव दुसऱ्या बाजूला. यात तागडी कुठे झुकते ते सांगायला हवे काय?

आता इंजिनाकडे. पोरांचा समज असा की, सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त. तसे नाही. बोलेरो पिकअपच्या घराण्यातील इंजिन अडीच लिटरचे आणि सुमारे ७५ अश्वशक्तीचे. इसुझू एस-कॅबचेही अडीच लिटरचे, ७८ च्या आसपास. योद्धाचे इंजिन २.२ लिटरचे, म्हणजे आकाराने लहान, पण अश्वशक्ती १००. आणि इसुझूच्याच व्ही-क्रॉसचे तर फक्त १.९ लिटरचे असून १६३ अश्वशक्तीचे! टर्बो कसा आहे, इंधन किती दाबाने आत सोडले जाते, इंजिन कशासाठी बांधले आहे, यावर ताकद ठरते. नुसता सीसीचा आकडा बघून भुलू नये.

मालाच्या गाडीला अश्वशक्तीपेक्षा ओढ महत्त्वाची. इंग्रजीतून आलेला शब्द टॉर्क. अश्वशक्ती गाडीला पळवते, टॉर्क तिला उठवतो. भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलायची असेल तर कमी फेऱ्यांवर ओढ मिळाली पाहिजे, नाहीतर क्लच प्लेट जळते. बोलेरोची ओढ सुमारे २०० न्यूटन-मीटर, योद्धाची २५०. एक टन माल आणि पाच माणसे कसारा घाटातून न्यायला दोन्ही इंजिने पुरेशी आहेत. १६३ अश्वशक्तीची किंवा २०२२ मध्ये भारतात आलेल्या हायलक्सची, २०४ अश्वशक्तीची, हौस आपल्या हप्त्याला परवडणारी नाही. ती श्रीमंतांच्या फार्महाऊसची वाहने आहेत. त्यांना लखलाभ!

आणखी एक गोष्ट पोरांना माहीत नव्हती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते आणि अनेक गाड्यांत युरियाचे द्रावणही भरावे लागते. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या तर ती जाळी चोंदते. अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर तापेपर्यंत चालवावी लागते. म्हणून तालुक्याच्या गावी दुरुस्तीची सोय कोणत्या गाडीची आहे, हे इंजिनाच्या आकड्यांइतकेच पाहिले पाहिजे. लग्नसराईत चार दिवस गाडी उभी राहिली तर हप्ता कोण भरणार?

शेवटी चर्चा योद्धाची क्रू केबिन आणि कॅम्पर यांवर आली. ओढीत योद्धा पुढे होती. पण तालुक्यात कॅम्परचे सुटे भाग मिळतात आणि दोन मिस्त्री ते इंजिन डोळे झाकून उघडतात. पोरांनी कॅम्पर ठरवली. दुसऱ्या तालुक्यात हाच हिशेब उलटा निघू शकतो. आम्ही कोणत्या कंपनीचे दलाल नाही. ज्याने त्याने आपल्या गावचा रस्ता आणि आपल्या गावचा मिस्त्री पाहून ठरवावे. पाच जण केबिनमध्ये, सहावा मोटारसायकलवर किंवा एसटीने. मागे कुणी नाही. हे त्यांनी भागीदारीच्या कागदातच लिहून घेतले.

गाडी घेतली की काम संपले नाही. आरसी बुकात आसनसंख्या पाच लिहिली आहे का, ते ताबा घेण्यापूर्वी तपासावे. एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ खाली मालवाहतुकीचे परमिट लागत नाही, त्यापुढे लागते. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा त्यावरून कुणी अडवले तर घाबरू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पॉलिसी. डबल केबिन घेतली म्हणजे पाचही जणांचा विमा आपोआप झाला, असे समजू नये. मालवाहू गाडीच्या पॉलिसीत कामगारांची आणि भाडे न देता बसणाऱ्यांची जोखीम जादा हप्ता भरून घालून घ्यावी लागते. एजंट ते आपणहून सांगेलच असे नाही. पॉलिसी हातात आली की ती वाचावी. वाचता येत नसेल तर वाचून घ्यावी. सहीसाठी बोट दाखवले तेथे सही करण्याची सवय आपण आता सोडली पाहिजे.

हा प्रश्न या सहा पोरांपुरता नाही. ऊसतोडीला, कापसाला, बांधकामाला, वरातीला आणि नागपूरला किंवा चैत्यभूमीला निघालेली आपली माणसे हौद्यात उभी असलेली आपण रोज पाहतो. जाताना घोषणा देत जातात आणि येताना कधी कधी बातमी येते. आपल्या माणसांना हौद्यात का बसावे लागते? गरिबी हे कारण आहेच. एसटी वेळेवर नाही, हेही आहे. पण ज्याच्या हातात गाडी निवडणे आहे, त्याने तरी हा गुन्हा पुढे चालवू नये. कागदावर तो जादा उतारूमागे दोनशे रुपयांचा दंड आहे. आमच्या लेखी तो माणसाला मालाच्या रांगेत बसवण्याचा गुन्हा आहे.

हौदा मालासाठी आहे, सीट माणसासाठी आहे. आमच्या तरुणांनी गाडीचे मालक जरूर व्हावे, एकाच्या दोन गाड्या कराव्यात. पण शोरूममध्ये पाऊल टाकताना विक्रेत्याला पहिला प्रश्न "किती टन?" असा विचारू नये. "किती माणसे?" असा विचारावा. इंजिनाचे नंतर बघू.