गोळीचा चतकोर

लहान मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात उग्र उपचारांचे टप्पे ओलांडल्यावर जी दीर्घ राखण सुरू होते, तिचा मुख्य भार १९५३ पासून प्रचारात असलेल्या ६-मर्कॅप्टोप्युरीनच्या गोळीवर असतो. आणि उंची-वजनावरून काढलेल्या शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला रोज ७५ मिलिग्रॅम, हा तिचा शिरस्ता इतका रुळलेला आहे की, तो मोडण्याचा अधिकार चमचाभर रक्ताला असू शकतो, हे मुंबईतील एका कर्करुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी प्रथमच पाहिले.

जांभळ्या टोपणाच्या नळीतील रक्तातून डीएनए वेगळा करावयाचा, तो पीसीआर यंत्रात दोन रंगांच्या प्रोबसह ठेवावयाचा, आणि पडद्यावर त्या मुलाचा ठिपका तीनपैकी कोणत्या पुंजक्यात पडला ते पाहावयाचे, असे हे काम वरकरणी अगदी कारकुनी. शोध असतो तो एनयूडीटी-१५ जनुकातील ४१५व्या अक्षराचा. तेथे ‘सी’च्या जागी ‘टी’ आला, की औषधाचे मारक रूप निकामी करून अस्थिमज्जेला सांभाळणारे विकरच अस्थिर होते, आणि शिरस्त्याची मात्रा मुलाच्या पांढऱ्या पेशींचा फडशा पाडते. टीपीएमटी या दुसऱ्या विकरातील जन्मजात फरक १९८० पासून ठाऊक होता. परंतु ते शाबूत असूनही कित्येक आशियाई रुग्णांना हे औषध का सोसत नाही, याचा उलगडा होण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेले मूल विरळा. पण ते आढळले की आरंभीची मात्रा चौरस मीटरला १० मिलिग्रॅमवर येते. शरीरपृष्ठ ०.८ चौरस मीटर धरले, तर रोजच्या ६० मिलिग्रॅमऐवजी अवघे ८; आणि गोळी तर ५० मिलिग्रॅमची! म्हणून आठवड्याला एकच गोळी, चतकोर-चतकोर करून चार दिवस, अशी तजवीज होते. “एवढ्याशा तुकड्यानं काय होणार, डॉक्टर?” असे एका आईने विचारले, आणि मला तो प्रश्न रास्तच वाटला, कारण कमी औषध म्हणजे आपल्या मुलाच्या वाट्याला आलेली काटकसर, असे कोणाही गरिबाला वाटणारच. या मुलाच्या पेशींत तेवढ्याच औषधाचा अंमल इतरांच्या पूर्ण गोळीइतका चढतो, हे डॉक्टरांनी तिला न कंटाळता पुन्हा समजावले.

तथापि जनुकाचा निकाल केवळ आरंभ ठरवितो. केसपेपरवर मात्रा लिहिली जाते ती पुढील सीबीसीच्या मुदतीपुरती: न्यूट्रोफिल ५००च्या खाली गेले तर गोळी तहकूब, आणि १५००च्या वरच रेंगाळले तर हाच चतकोर वाढवावयाचा, कारण औषध उणे पडले तर रोग परतण्याचे भय या मुलालाही इतरांइतकेच असते.