धूर कुणाचा, खोकला कुणाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझी एक खाला होती, आईची धाकटी बहीण. कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत तिनं चाळीस वर्षं संसार केला. बासष्टाव्या वर्षी तिला खोकला लागला. आपल्याकडं बाईच्या खोकल्याला कोणी फारसं मोजत नाही. "फोडणीचा ठसका असेल", "पावसाळा आहे, जाईल आपोआप" यात दोन महिने गेले. मग एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात डाग दिसला, आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नव्हते, तरी गोळ्या चालूच राहिल्या. आणखी पाच महिने गेले. वजन उतरलं, पाठ दुखू लागली. शेवटी सीटी स्कॅन आणि तुकडा काढून तपासणी झाली तेव्हा कळलं, की तो फुप्फुसाचा कर्करोग आहे.

त्यानंतर भेटायला आलेल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, "त्यांना काही व्यसन होतं का हो?" खालानं आयुष्यात कधी बिडीला हात लावला नव्हता. मिश्रीसुद्धा नाही. रोगापेक्षा त्या प्रश्नानंच ती खचली. मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "बाबा, कुणाला सांगू नको. बाई चोरून बिडी ओढत होती म्हणतील."

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. डॉक्टर नव्हे. पण तिच्या त्या वाक्यानं मला या विषयाचं वाचायला लावलं. फुप्फुसाचा कर्करोग पुरुषांना जास्त का होतो, आणि ज्या बाईनं कधी ओढलंच नाही तिला का होतो, या दोन प्रश्नांची उत्तरं मी शोधत गेलो. हाती लागलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी आकडे पाहू. २०२२ च्या अंदाजानुसार जगभरात या रोगाचे सुमारे २४ लाख ८० हजार नवे रुग्ण सापडले. त्यांत पुरुष साडेपंधरा लाखांहून अधिक आणि स्त्रिया नऊ लाखांच्या आसपास. भारतात त्याच वर्षी सुमारे ८१ हजार नवे रुग्ण. त्यांत पुरुष ५९ हजारांच्या घरात, स्त्रिया २२-२३ हजार. म्हणजे दर दोन स्त्रियांमागे पाच पुरुष.

पुरुष जास्त का, याचं पहिलं उत्तर सर्वांना ठाऊक आहे. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन इंग्रज संशोधकांनी लंडनच्या इस्पितळांतल्या रुग्णांचा अभ्यास करून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. आपल्याकडं मुंबईत १९६३ मध्ये कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. त्या कामातले एक मोठे नाव म्हणजे डॉ. जसावाला. त्यांनी सहकाऱ्यासह १९७९ मध्ये मुंबईतल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिडी ओढणाऱ्याचा धोका सिगारेट ओढणाऱ्यापेक्षाही जास्त दिसला. बिडीत तंबाखू थोडी असते, म्हणून ती सौम्य, असं आपल्याकडं पुष्कळ लोक समजतात. पण तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके भराभर आणि खोलवर घ्यावे लागतात. त्यामुळं धूर छातीत तळापर्यंत जातो.

मग हिशेब सोपा वाटतो. पुरुष ओढतात, बायका ओढत नाहीत, म्हणून पुरुषांना होतो. पण हा हिशेब पुरता जुळत नाही. २०१६-१७ मध्ये देशभर झालेल्या तंबाखूविषयक पाहणीत धूम्रपान करणारे पुरुष १९ टक्के आणि स्त्रिया २ टक्के निघाल्या. म्हणजे ओढणारे पुरुष नऊपटीहून जास्त, आणि रोग झालेले पुरुष अडीचपट. मधली जी तफावत उरते, तिच्यात माझ्या खालासारख्या बायका आहेत.

त्यांच्याकडं वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पुरुषाचं फुप्फुस मुळात कच्चं आणि बाईचं पक्कं, असं काही नाही. मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्याकडं पाहा. तिथं बायकाही पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू ओढत आल्या आहेत. २०१२ ते २०१६ या काळात तिथं फुप्फुसाच्या कर्करोगाचा वयानुसार जुळवलेला दर लाख पुरुषांमागे ३८.८ आणि लाख स्त्रियांमागे ३७.९ होता. जवळजवळ सारखाच, आणि देशात सर्वांत जास्त. बाईनं पुरुषासारखं ओढलं, की रोगही पुरुषासारखाच होतो.

अमेरिकेनं हाच धडा उशिरा शिकला. तिथं पुरुष आधी सिगारेटकडं वळले, बायका नंतर. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत तरुणींच्या हाती पेटत्या सिगारेटी देऊन त्यांना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हटलं गेलं. त्यामागं सिगारेटच्या कंपनीचा जाहिरातदार होता. ओढायला लागल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस-तीस वर्षं जातात. पुढं १९८७ मध्ये अमेरिकन स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू स्तनाच्या कर्करोगाच्या मृत्यूंपेक्षा जास्त झाले. पुरुषांनी सिगारेट आधी सोडली, त्यामुळं त्यांचा आकडाही आधी उतरू लागला. २०२१ मध्ये तर तिथं पासष्ट वर्षांखालच्या वयात स्त्रियांचा दर पुरुषांपेक्षा किंचित पुढं गेला.

आता आपल्या महाराष्ट्राकडं येऊ. आपल्याकडं तंबाखू भरपूर, पण ती ओढली कमी जाते आणि चघळली जास्त. त्याच पाहणीत महाराष्ट्रात चौथ्या हिश्शाहून अधिक प्रौढ माणसं कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होती, पण ओढणारी चार टक्क्यांच्याही आत. पुरुषाच्या खिशात चुन्याची डबी आणि बाईच्या फडताळात मिश्रीची. म्हणून आपला मोठा शत्रू तोंडाचा कर्करोग. १९८७ पासून बार्शी भागातल्या खेड्यांत कर्करोगाची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागातली ती देशातली पहिली नोंदवही. फुप्फुसाच्या कर्करोगाचे तिथले आकडे शहरांच्या मानानं फारच कमी आहेत.

कोल्हापूरपासून चाळीस-एक किलोमीटरवर निपाणी. तिथल्या तंबाखूच्या वखारींत बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू कुटली, चाळली, निवडली. १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन पुष्कळांना आठवत असेल. वखारीतल्या बायकांची संघटनाही त्याच सुमारास उभी राहिली. ती बिडी त्या ओढत नव्हत्या, पण तिची भुकटी दिवसभर त्यांच्या नाकातोंडात जात होती, आणि खोकला, दम हे त्यांच्या रोजचंच झालं होतं. तंबाखूचा त्रास ओढणाऱ्यापुरताच नसतो, हे आमच्या भागाला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

ज्यांनी ओढलं नाही त्यांचं काय, याचं एक उत्तर जपानमधून आलं. ताकेशी हिरायामा यांनी नव्वद हजारांहून अधिक अशा विवाहित स्त्रियांची चौदा वर्षं नोंद ठेवली, ज्या स्वतः कधी ओढत नव्हत्या. १९८१ मध्ये त्यांनी दाखवलं, की नवरा जितका जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. सिगारेट कंपन्यांनी त्यावर खूप आरडाओरडा केला, पण पुढच्या अभ्यासांनी हिरायामांनाच दुजोरा दिला. आपल्या देशात २०१६-१७ च्या पाहणीनुसार शंभरातली जवळपास ३९ प्रौढ माणसं घरातच दुसऱ्याच्या धुरात बसतात.

दुसरं उत्तर चुलीपाशी आहे. चीनच्या युनान प्रांतात श्वानवेई नावाचा भाग आहे. तिथल्या बायका क्वचितच ओढतात, तरी त्यांच्यातलं फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक. कारण शोधता शोधता संशोधक त्यांच्या स्वयंपाकघरात पोचले. घराच्या मध्यभागी खड्डा, त्यात धुरकट दगडी कोळसा, आणि धूर जायला वाट नाही. पुढं तिथं धुराडी असलेल्या शेगड्या बसवल्या, आणि ज्यांनी त्या वापरल्या त्यांच्यात रोगाचं प्रमाण उतरलं. आपल्याकडं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकानं गुजरातच्या खेड्यांत चुलीपाशी बसलेल्या बायका किती धूर घेतात ते मोजलं होतं. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं घरातल्या दगडी कोळशाच्या धुराला कर्करोगाचं ठाम कारण ठरवलं. लाकूड, शेणी, पाचट यांच्या धुराला 'बहुधा कारण' अशा वर्गात ठेवलं. २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेचाही ठाम कारणांत समावेश झाला.

शेणी आणि फुंकणी हे शब्द आमच्या पिढीला शिकवावे लागत नाहीत. पावसाळ्यात ओली लाकडं, डोळ्यांतून पाणी, भिंतीवर काजळीची पुटं. खालाच्या घरी गॅस आला तो तिच्या पंचेचाळिशीनंतर. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत सिलिंडर पोचला. पण भरलेली टाकी संपली, की पैशांअभावी चूल पुन्हा पेटते, हे खेड्यात कुणीही सांगेल.

या बायकांचा रोग जातीनंही काहीसा वेगळा असतो. न ओढणाऱ्यांत, विशेषतः स्त्रियांत, फुप्फुसाच्या कडेच्या भागात वाढणारा 'ॲडिनोकार्सिनोमा' हा प्रकार जास्त आढळतो. तो बराच काळ गुपचूप वाढतो. त्यातल्या काही गाठींत पेशीच्या एका जनुकात विशिष्ट बिघाड असतो. २००४ मध्ये तो ओळखला गेला, आणि त्यावर चालणाऱ्या गोळ्या आज उपलब्ध आहेत. म्हणून तुकडा तपासताना ही जनुकाची चाचणीही करायची असते. रोग एकाच टप्प्यावर सापडला तर स्त्रिया पुरुषांपेक्षा थोड्या जास्त जगतात, असंही दिसतं. पण त्यासाठी तो वेळेवर सापडला पाहिजे, आणि आपल्याकडं मध्ये टीबी येतो. दोन्हींत खोकला, दोन्हींत वजन उतरणं, दोन्हींत एक्स-रेवर डाग. टीबी इतका पसरलेला, की डॉक्टरांच्या मनात आधी तोच येतो. न ओढणारी बाई असली, की कर्करोगाची शंकाही येत नाही.

म्हणून हात जोडून तीन गोष्टी सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बाईलाही दवाखान्यात न्या, आणि थुंकीची तपासणी करून घ्या. थुंकीत काही सापडलं नाही, किंवा टीबीच्या गोळ्यांनी महिन्या-दोन महिन्यांत गुण आला नाही, तर "पुढची तपासणी करू का?" असं डॉक्टरांना विचारा. त्यात त्यांचा अपमान नाही. आणि रुग्णाला भेटायला गेलात, तर व्यसनाची चौकशी करू नका. ओढणाऱ्यालाही त्या क्षणी ती नको असते.

खाला गेल्यावर चाळिसाव्याच्या दिवशी खालू मला अंगणात घेऊन गेले. पन्नास वर्षं ते उंबऱ्यावर बसून बिडी ओढत, आणि आत खाला भाकरी थापत असे. म्हणाले, "तू वाचलंयस सगळं. खरं सांग, माझ्या बिडीनं गेली का ती?" मी त्यांना खरं तेच सांगितलं. हजारो माणसांच्या नोंदी ठेवल्या, की धोका किती वाढतो ते कळतं, पण एकट्या माणसात तो बिडीचा, चुलीचा की आणखी कशाचा, हे कोणी सांगू शकत नाही. ते काही बोलले नाहीत. खिशातलं बंडल काढून त्यांनी कट्ट्यावर ठेवलं आणि आत गेले. घरात आता नातसून आहे, तिच्या कडेवर तान्हं मूल आहे. त्या दिवसापासून खालू घरात ओढत नाहीत. तल्लफ आली, की काठी टेकत कोपऱ्यावरच्या पारापर्यंत जातात. पूर्ण सुटलेली नाही, पण रोजचं बंडल आता चार बिड्यांवर आलं आहे.