कामलेचे निदान आणि स्वप्रतिपिंडांची साक्ष

कामलेचा रुग्ण आपल्याकडे येतो तेव्हा विषाणूंच्या तपासण्या बहुधा त्याच्या हातात असतात. त्या निर्दोष निघाल्या की मद्यपानाची चौकशी करून आपण चिकित्सेस आरंभ करतो. परंतु मध्यमवयीन स्त्री, पुनःपुन्हा उलटणारी कामला, सांधेदुखी आणि थायरॉईडचा जुना विकार असे चित्र समोर असताना तेवढ्यावर थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटलेली असू शकते.

अशा रुग्णांच्या रक्तात ल्युपससारख्या पेशी आढळल्याने १९५६ साली ऑस्ट्रेलियात मॅके प्रभृतींनी या व्याधीस ‘ल्युपॉइड हिपॅटायटिस’ म्हटले; पुढे ती ल्युपसहून भिन्न ठरली. आज तिच्या निदानात ए.एन.ए., एस.एम.ए. आणि विशेषतः बालकांत एल.के.एम.-१ ही स्वप्रतिपिंडे पाहतात. ए.एम.ए. मात्र निराळ्या व्याधीची, प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिसची, खूण होय. त्या व्याधीच्या सुमारे ९० ते ९५ टक्के रुग्णांत ते सापडते.

तपासणीत उंदराच्या यकृत, मूत्रपिंड व जठराच्या पातळ छेदांवर रुग्णाचा रक्तरस ठेवून प्रतिदीप्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अहवालात नुसते ‘पॉझिटिव्ह’ असेल तर प्रयोगशाळेकडून प्रमाण अवश्य मागावे. प्रौढांत १:४० व त्याहून अधिक विरलतेस अर्थ असतो, बालकांत १:२० सही. तरीही निरोगी माणसांतही अल्प प्रमाणात ए.एन.ए. सापडते, विषाणुजन्य यकृतशोथात एस.एम.ए. दिसते आणि खऱ्या रुग्णांपैकी काहींत एकही प्रतिपिंड मिळत नाही. म्हणूनच २००८ च्या सुलभ निकषांत प्रतिपिंडांसोबत आय.जी.जी.ची पातळी, यकृताची बायॉप्सी आणि विषाणूंचा अभाव यांनाही गुण दिले आहेत.

आता आपल्या अंगणातील गोष्ट. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. काहींत स्वप्रतिकाराची चिन्हे होती. आयुष मंत्रालयाने तीवर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, गुळवेलीच्या जागी तिच्यासारखी दुसरी जात असू शकेल, असे त्याचे म्हणणे होते. आक्षेप रास्त आहे. पण ओळख पटवण्याची जबाबदारी प्रथम आपली, हे आम्ही कसे नाकारावे?

शिवाय औषधाने उद्भवलेल्या यकृतशोथातही हीच प्रतिपिंडे वाढतात. औषध बंद केल्यावर विकार शमला व पुन्हा उलटला नाही, तरच भेद कळतो. अशा वेळी रुग्णाने काय, किती दिवस आणि कोणत्या बॅचचे घेतले याची नोंद निर्णायक ठरते, आणि ती औषधविक्रेत्याच्या वहीतच मिळू शकते. स्वप्रतिकारजन्य विकार ज्ञात असलेल्या ग्राहकास गुळवेलीची बाटली देण्यापूर्वी त्याच्या वैद्यास विचारावे.

प्रेडनिसोलोन चालू असलेला रुग्ण ‘आता आयुर्वेदच घेतो’ म्हणून आला, तर ती गोळी एकाएकी थांबवू देऊ नये. त्याच्या यकृततज्ज्ञाशी आपण स्वतः दूरध्वनीवर बोलावे.