डोइना : ताल नसलेले रुमानियन संगीत

येथील लग्नांत आपण हातात हात घालून ‘होरा’ नाचतो. हे नाव रुमानियातून आले. त्याच मुलखातली ‘डोइना’ मात्र नाचायची नव्हे, बसून ऐकायची.

डोइनाला ताल नसतो. तबला सुरू होण्यापूर्वीचा आलाप आठवा, म्हणजे कल्पना येईल. साथीचे व्हायोलिन किंवा अ‍ॅकॉर्डियन स्वर लांबवर धरून ठेवते आणि क्लॅरिनेटवाला आपल्या दमाप्रमाणे वाजवतो. एखाद्या स्वरावर रेंगाळतो, त्याच्याभोवती घुटमळतो, मग भरभर खाली उतरतो. गंधार बहुधा कोमल, मध्यम तीव्र. मधुवंतीची आठवण होते, पण येथे निषादही कोमल. बोट भोकावरून हळूहळू उचलून आणि ओठ किंचित सैल सोडून मींड काढतात. मधेच स्वर असा तोडतात की हुंदका आल्यासारखे वाटते. मुंबईच्या लग्नांतल्या बँडमध्ये हेच वाद्य आपण ऐकले आहे, पण ते वरातीच्या गडबडीत!

डोइना मूळची गळ्याची आणि मेंढपाळांच्या पाव्याची. रुमानियन भाषेत ‘दोर’ म्हणजे हुरहूर, दूरच्या माणसाची किंवा गावाची ओढ. तोच तिचा विषय. हंगेरीचे संगीतकार बेला बार्तोक यांनी १९१३ साली मारामुरेशच्या खेड्यांत फिरून अशी गाणी ध्वनिमुद्रित केली.

मोल्दाविया व बेसाराबियातील यहुदी वाजंत्र्यांनी, म्हणजे क्लेझमर मंडळींनी, ती आपलीशी केली. लग्नात पाहुणे जेवायला बसले की त्यांच्यासाठी डोइना वाजे. मागून संथ होरा, आणि मग जलद नाच. पूर्वी व्हायोलिनचा मान मोठा होता, क्लॅरिनेट पुढे आले ते नंतर. अमेरिकेत गेलेले नफ्तुले ब्रँडवाइन आणि डेव्ह टॅरस यांच्या जुन्या तबकड्यांवर ती अजून ऐकता येते. पूर्वी इस्राएल फिलहार्मोनिकमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे गिओरा फाइडमन हेही बेसाराबियातील वाजंत्र्यांच्या घराण्यातले. त्यांचा जन्म ब्युनोस आयर्सचा, १९३६ सालचा.

२००९ साली युनेस्कोने डोइनाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. पण आईबापांकडून मुलांकडे जाण्याची साखळी रुमानियातच तुटू लागली आहे. आणि येथल्या लग्नांत, लाउडस्पीकरच्या दणदणाटात, ती वाजवणार कोण?

आमच्या इमारतीत रुमानियाहून आलेले एक आजोबा राहतात. त्यांच्या खिडकीतून हे सूर आले तेव्हा मी विचारले, “हे काय लावले आहे?” त्यांनी हातानेच खुर्ची दाखवली. सांगितले ते सगळे संपल्यावर.