मधुमेहातील नेत्रविकार आणि शरीराची संरक्षक यंत्रणा

गतवर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नेत्रविभागाच्या खर्चाचा तपशील वाचला जात असताना एका ज्येष्ठ सभासदांनी प्रश्न उपस्थित केला. मधुमेह हा साखरेचा विकार; मग डोळ्यातील सूज उतरविणाऱ्या इंजेक्शनांवर एवढी रक्कम का खर्ची पडते? त्याऐवजी रुग्णांची प्रतिकारशक्ती वाढविणारी औषधे द्यावीत, अशी सूचनाही त्यांनी केली. वेळेअभावी त्या दिवशी समाधानकारक उत्तर देता आले नाही. आम्ही वैद्यकशास्त्राचे नव्हे, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. म्हणून आमच्या नेत्रतज्ज्ञांकडून विषय समजावून घेऊन तो येथे मांडीत आहोत.

डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिपटल असते. त्याला रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की रक्तातील पेशींना त्यांतून जेमतेम वाट मिळते. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की या वाहिन्यांचे अस्तर बिघडते व त्यावर ‘आयकॅम-१’ नावाचा चिकट रेणू अधिक प्रमाणात उमटतो. वास्तविक हा रेणू उपकारक आहे. जखम झाली वा जंतू शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशींना त्या ठिकाणी थांबविण्याचे काम तो करतो. परंतु येथे जखम नाही, जंतूही नाहीत. तरीही पांढऱ्या पेशी येतात, भिंतीला चिकटतात, तेथे दाहक द्रव्ये सोडतात आणि अरुंद वाट अडवून बसतात. पहारेकऱ्यांनीच दरवाजा अडवावा, तसा हा प्रकार होय.

वाट अडली की पलीकडील भागाला प्राणवायू मिळत नाही. तेथील पेशी ‘व्हीईजीएफ’ हे द्रव्य सोडून नव्या रक्तवाहिन्यांची मागणी करतात. या द्रव्याने जुन्या वाहिन्या पाझरू लागतात, नव्या वाहिन्या नाजूक निपजून फुटतात, आणि अस्तराचा चिकटपणा आणखी वाढून अधिक पांढऱ्या पेशी गोळा होतात. दृष्टिपटलातच कायम वास्तव्य करणाऱ्या ‘मायक्रोग्लिया’ या संरक्षक पेशीही, ज्यांचे एरवीचे काम साफसफाईचे, चिडून या दाहात भर घालतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आयकॅम-१ नसलेल्या उंदरांना मधुमेह होऊनही दृष्टिपटलाची हानी कमी झाल्याचे आढळले. ज्येष्ठ सभासदांच्या सूचनेचे उत्तर यातच आहे. येथे प्रतिकारशक्ती कमी पडत नसून ती अस्थानी जागी झालेली असते. तिला चेतविणारे काढे वा गोळ्या हा त्यावरील उपाय नव्हे.

या विचाराचा उगम जुना आहे. संधिवातासाठी ॲस्पिरिनच्या जातीची औषधे घेणाऱ्या मधुमेही रुग्णांत दृष्टिपटलाचा विकार कमी दिसतो, असे निरीक्षण १९६४ साली नोंदविले गेले. तेव्हा ॲस्पिरिनने हा विकार रोखता येईल, अशी आशा निर्माण झाली. अमेरिकेत ३,७११ रुग्णांचा समावेश असलेल्या मोठ्या चाचणीत रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊन ती आशा तपासण्यात आली. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : विकाराची वाटचाल थांबली नाही, मात्र डोळ्यातील रक्तस्रावही वाढला नाही. हा दुसरा निष्कर्ष आमच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन घेणारे कित्येक रुग्ण डोळ्यात रक्त उतरेल या भीतीने ते परस्पर बंद करतात. तसे करू नये.

आता खर्चाविषयी. डोळ्यात टोचण्यात येणारी औषधे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. एक व्हीईजीएफला अडविणारे. दुसरे स्टिरॉइड, जे दाह शमविते. स्टिरॉइडने पीतबिंदूवरील सूज उतरते, हाच दाहाच्या सहभागाचा एक पुरावा मानला जातो. परंतु त्याने मोतीबिंदू होऊ शकतो व डोळ्यातील दाब वाढू शकतो, म्हणून ते निवडक रुग्णांतच वापरले जाते. दोन्हींचा परिणाम काही आठवडे वा महिने टिकतो. मूळ कारण कायम असल्याने इंजेक्शन पुनःपुन्हा द्यावे लागते. खर्चाचा आकडा फुगतो तो येथे. मध्येच उपचार सोडलेल्या रुग्णावरील आधीचा खर्च बहुधा वाया जातो, हे हिशेब पाहणाऱ्यास विशेष खटकते.

याउलट साखरेवरील नियंत्रण अल्पखर्ची आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहातील १९९३ च्या प्रसिद्ध चाचणीत काटेकोर नियंत्रणामुळे दृष्टिपटलाचा विकार नव्याने उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. रक्तदाबाचे नियंत्रणही तितकेच आवश्यक.

खरी अडचण अशी, की वर वर्णिलेली सारी प्रक्रिया वेदनेविना चालते आणि बराच काळ नजर उत्तम राहते. ‘मला स्वच्छ दिसते, मग तपासणी कशाला?’ असे विचारणारे रुग्ण आमच्या बाह्यरुग्ण विभागात नित्य येतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे निदान होताच, आणि पहिल्या प्रकारात निदानानंतर पाच वर्षांच्या आत, दृष्टिपटलाची पहिली तपासणी व्हावी. पुढे साधारणतः दरवर्षी. मधुमेही स्त्रीस दिवस राहिल्यास ती लगेच करावी. तपासणीसाठी बाहुली रुंदावणारे थेंब घातले जातात व काही तास अंधुक दिसते. तेव्हा त्या दिवशी स्वतः वाहन चालवीत न येता घरच्या कुणास सोबत आणावे, ही विनंती.